चिनी ब्राँझची छोटी बसलेली देवी: कोण आणि कुठल्या काळातली?

मांडवीकाठ (पणजी)

फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या घरातली मूर्ती ओळखायची आहे. त्या घरात मकावची चिनी मातीची ताटं आणि कापूरलाकडाची पेटी आहे, त्यांच्यासोबतच ही आली असावी असं घरचे म्हणतात. लिखित पुरावा काही नाही. बरीच वर्षं ती देवखोलीत होती आणि सणावाराला तिला कुंकू लागायचं.

मापं अशी. उंची १६.४ सेंमी, गुडघ्यांपाशी रुंदी ९.१ सेंमी, वजन ९६० ग्रॅम. चुंबक चिकटत नाही. मूर्ती आतून पोकळ आहे आणि तळ उघडा आहे. खुर्चीवर बसावी तशी पाय खाली सोडून बसलेली स्त्री. अंगात घोळदार झगा, झग्याच्या खालून चपलांची टोकं दिसतात. डोक्यावर उंच मुकुट, त्यावर पुढे तीन उंचवटे, मधला तुटलेला. दोन्ही हात छातीसमोर एकत्र, वरून कापड, आणि हातांच्या मधोमध उभी फट आहे, साधारण ९ मिमी लांब, २ मिमी रुंद. पाठीवर २२ गुणिले १४ मिमीचं चौकोनी भोक. घड्यांमध्ये लाल रंग, गालावर आणि हनुवटीखाली सोन्याचे कण. तळाच्या आतल्या बाजूला फिकट हिरवे ठिपके.

म्हापशाच्या एका विक्रेत्याच्या मते ही मकावमध्ये घडवलेली मेरी. दुसऱ्या एकाच्या मते ग्वानयिन, म्हणजे चिनी बौद्धांची करुणेची देवी. घरच्यांना चतुर्थीआधी ती चिंच लावून घासायची आहे. आधी विचारून घ्यावं म्हटलं.

भिंग

पहिली गोष्ट म्हणजे चिंच लावू नका. कोकम नको, बिमलां नकोत, भांडी घासायची पावडरही नको. कारण पुढे कोणीतरी सविस्तर लिहीलच. मी ओळखीपुरतं लिहितो.

चेहऱ्यावरून चिनी मूर्ती ओळखता येत नाही. गोल गाल, अर्धे मिटलेले डोळे, लांब कान हे बुद्धालाही असतं, ताओ पंथाच्या देवांनाही असतं. पाहायचं ते चार ठिकाणी: डोकं, हात, पाय, आणि बसण्याची तऱ्हा.

ग्वानयिन असती तर मुकुटाच्या मधोमध अमिताभ बुद्धाची नखाएवढी बसलेली आकृती असती, किंवा डोक्यावरून पदरासारखं वस्त्र असतं. पाय सहसा अनवाणी, मांडी घातलेली किंवा एक गुडघा वर. हातात कुंभ, विलोची डहाळी, पोथी किंवा मूल. तुमच्या मूर्तीत यातलं काहीच नाही. उलट पायात चपला आहेत आणि ती दरबारात बसावी तशी ताठ बसली आहे. हा ताओ पंथाच्या आणि लोकदैवतांचा घाट.

हातांमधली फट सगळ्यात महत्त्वाची. ती तडा नाही, खाच आहे. चिनी दरबारात अधिकारी सम्राटासमोर उभे राहताना दोन्ही हातांत एक अरुंद चपटी पट्टी धरत, तिला 'हू' म्हणतात. देवसुद्धा स्वर्गातल्या सम्राटाच्या दरबारातले, म्हणून त्यांच्याही हातात ती देतात. छोट्या ब्राँझमध्ये ही पट्टी वेगळी करून खाचेत बसवलेली असे आणि ती पहिल्यांदा हरवते. प्रार्थनेसाठी जोडलेल्या हातांमध्ये अशी खाच लागत नाही, तळवेही दिसतात. इथे हात कापडाखाली झाकलेले आहेत. त्यामुळे मेरी बाद.

मकावची मेरी ही कल्पना हवेतून आलेली नाही, हे मात्र सांगायला हवं. पोर्तुगीज १५५७ पासून मकावमध्ये होते आणि १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत चालला. चीनच्या फुच्यान प्रांतात तेहुआ गावची पांढरी चिनी माती आणि हस्तिदंत या दोन्हींत मूल घेतलेली ग्वानयिन आणि मूल घेतलेली मेरी एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की जपानमध्ये लपून राहिलेल्या ख्रिश्चनांनी चिनी ग्वानयिनच मेरी म्हणून पुजली. पण त्या घोटाळ्याचं मूळ मुलात आहे. तुमच्या मूर्तीला मूल नाही आणि तुटल्याची खूणही तुम्ही सांगत नाही.

उरतो मुकुट. ते तीन उंचवटे पक्षी आहेत का ते बघा. पंख पसरलेला, मान पुढे काढलेला पक्षी असेल तर हा फिनिक्सचा मुकुट. तसं असेल तर माझा कौल बिशिया युआनजुन, म्हणजे शांतुंग प्रांतातल्या ताईशान पर्वताची देवी. मिंग काळात (१३६८ ते १६४४) उत्तर चीनमध्ये तिची भक्ती फार पसरली. मूल होण्यासाठी, बाळंतपणासाठी बायका तिला नवस बोलत. तिच्या छोट्या ब्राँझ मूर्ती सोळाव्या-सतराव्या शतकात भरपूर ओतल्या गेल्या. ताईशानवरच्या तिच्या देवळाच्या मुख्य मंडपाची कौलंही ब्राँझची आहेत.

दोन फोटो हवेत: मुकुट समोरून आणि बाजूने, प्रकाश एकाच बाजूने तिरपा टाकून. आणि पाठीचा खालचा काठ.

गलबत

भिंगबाब, एक शंका. बिशिया उत्तरेची. मकावहून गोव्यात येणारी वस्तू दक्षिणेची असायची शक्यता जास्त. मग ही माझू का नसावी? दर्यावर्द्यांची देवी, मकावचं आ-मा देऊळ तिचंच. तिच्याही हातात हू असते, तीही पाय सोडून बसते, चपलाही असतात. जहाजावर छोटी मूर्ती नेण्याची रीतही तिच्याच भक्तांत.

भिंग

शंका रास्त आहे, आणि या दोघींत घोळ खरोखरच होतो. फरक मुकुटात. युआन काळात (मिंगच्या आधी) माझूला राजपत्नीचा दर्जा मिळाला आणि छिंग काळात (मिंगच्या नंतर) सम्राज्ञीचा. त्यामुळे तिच्या पुष्कळ मूर्तींत डोक्यावर सपाट फळी असते आणि फळीच्या पुढच्या काठावरून मण्यांच्या माळा लोंबतात. ब्राँझमध्ये माळा एकतर उठावात ओतलेल्या असतात, नाहीतर काठाला बारीक भोकांची रांग असते. फळी नाही, माळांची भोकं नाहीत आणि पक्षी आहेत, तर पारडं बिशियाकडे झुकतं.

वस्तू कुठून आली यावरून देव ठरवणं मला धोक्याचं वाटतं. ब्राँझ जड असलं तरी फिरतं. मकावच्या बाजारात उत्तरेचा माल येत होताच, शिवाय ही मूर्ती एकोणिसाव्या किंवा विसाव्या शतकात मुंबईमार्गे गोव्यात आली असेल तरी आपल्याला कळायला मार्ग नाही. आधी मूर्ती काय सांगते ते घ्यायचं, घराण्याची गोष्ट नंतर जोडायची.

मांडवीकाठ

फोटो टाकले. उंचवटे पक्षीच आहेत, आता स्पष्ट दिसतं. समोर तीन आणि कानांच्या वर एकेक असे पाच. मधल्याची मान तुटली आहे, पण पंखांच्या रेघा शाबूत आहेत. सपाट फळी नाही. पाठीच्या काठावरच्या ओरखड्यांना मी अक्षरं समजत होतो, पण ती वेलबुट्टी दिसते. तळाच्या काठावर आतल्या बाजूला दोन छोट्या खुंट्या आहेत, हे आधी लिहायचं राहिलं.

ओतशाळा

फोटो पाहिले. ओतकामावर लिहितो, कारण जुनी की नक्कल हा प्रश्न तिथे सुटतो.

तळातून टॉर्च मारून आत बघा. मेण वितळवून ओतलेल्या जुन्या मूर्तीत भिंतीची जाडी सगळीकडे सारखी नसते, कुठे ३ मिमी, कुठे ५. डोक्याच्या पोकळीत आणि बाह्यांच्या आत मूळ मातीचा गाभा अडकून राहतो: भाजलेला, तपकिरी किंवा काळपट, टोकरला तर भुगा पडतो. तो काढू नका. गाभा जागेवर धरायला धातूच्या खिळ्या किंवा चौकोनी तुकडे घातलेले असत, त्यांची जागा भिंतीत वेगळ्या रंगाचा ठिपका म्हणून दिसते. खिळा लोखंडी असेल तर तिथे गंजाचा तांबूस डाग असतो. बारीक चुंबक अशा जागी किंचित ओढला जाईल, म्हणून "चुंबक चिकटत नाही" हे सगळ्या अंगावर तपासा, एकाच जागी नाही.

आता बाहेरून. १० पट भिंग घ्या आणि तुमची वेलबुट्टी बघा. जुन्या कामात झग्याच्या काठावरची नक्षी ओतल्यानंतर छिन्नीने कोरलेली असते. अशा रेघेचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा टोकदार असतो, रेघ सुरुवातीला खोल आणि शेवटी उथळ होत जाते, आणि वळणावर छिन्नी थांबून पुन्हा चालवल्याच्या छोट्या पायऱ्या दिसतात. फुलांच्या मागची जमीन बारीक गोल ठशांनी भरलेली असेल तर दोन ठसे एकमेकांवर चढलेले सापडतात. मूळ मूर्तीवर रबराचा साचा घेऊन केलेल्या नकलेत हे सगळं येतं, पण बोथट होऊन येतं: रेघेचा तळ गोलसर, पायऱ्या पुसलेल्या, ठशांच्या कडा लोण्यासारख्या मऊ. धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मूळापेक्षा टक्का-दोन टक्के लहानही भरते. त्याच प्रतीची मूर्ती एखाद्या संग्रहालयात सापडली तर मापं लावून बघण्यासारखी आहेत.

तळाचा काठ बघा. ग्राइंडरच्या समांतर रेघा असतील तर संशय घ्यावा. जुना काठ कानसेने घासलेला, थोडा वाकडा, आणि जिथे मूर्ती टेकते तिथे हाताळून गुळगुळीत झालेला असतो.

झीज कुठे आहे याला फार महत्त्व आहे. नाक, गुडघे, चपलांची टोकं, मुकुटावरच्या पक्ष्यांच्या छात्या झिजायला हव्यात. काखेत आणि घडीच्या तळाशी झीज दिसली तर ती कोणीतरी मुद्दाम केलेली. नकलेत मळही सगळ्या घड्यांत एकाच रंगाचा, एकाच जाडीचा भरलेला असतो.

खुंट्या आणि पाठीचं भोक दोन्ही तुमच्या बाजूने बोलतात. खुंट्या म्हणजे मूर्ती वेगळ्या आसनावर बसवलेली होती, आसन हरवलं. पाठीचं भोक हे मूर्तीत प्राण घालताना आत वस्तू ठेवण्यासाठी: कागदावरचे मंत्र, धान्य, रेशमाचे धागे, धूप. त्यावर झाकण असे. आत काही अडकलेलं दिसलं तर चिमट्याने ओढू नका. कागदाचा चिटोरा असेल आणि त्यावर साल असेल तर सगळ्या मूर्तीत तोच सर्वांत मोलाचा.

फोटोत बाहीच्या कडेला मला उभी शिवण दिसत नाही. दोन्ही बाजूंनी डोक्यापासून तळापर्यंत सरळ उंच रेघ गेली असती तर दोन भागांच्या साच्याचं स्वस्त काम म्हटलं असतं.

गलबत

आणि शिक्का नाही म्हणून जुनी नसेल, असं आमच्याकडचे एक विक्रेते सांगतात.

ओतशाळा

उलट आहे. लोकदैवतांच्या छोट्या मूर्तींवर बहुतेकदा काहीच लिहिलेलं नसतं. फार तर पाठीवर नवस फेडणाऱ्याचं नाव आणि साल. शिक्का पाहून खूश होणाऱ्यांसाठीच पुढे शिक्के मारले गेले. धूपदाण्यांवर सम्राट श्वांदचा सहा अक्षरांचा चौकोनी शिक्का असतो, तो नंतरच्या सगळ्या शतकांत बिनदिक्कत मारला गेला. तो बसलेल्या देवीच्या तळावर दिसला तर दोन पावलं मागे सरकावं.

खरे राजशिक्के जिथे असतात तिथे त्यांची जागा आणि शब्द ठरलेले असतात. युंगलो सम्राटाच्या तिबेटी घाटाच्या मूर्तींवर सहा अक्षरं कमळाच्या आसनावर समोर, आडवी, डावीकडून उजवीकडे. छ्येनलुंग सम्राटाच्या काळात १७७० सालच्या अमितायुस या बुद्धाच्या मूर्ती मोठ्या संख्येने झाल्या, त्यांच्या चौकोनी आसनाच्या पुढच्या खालच्या पट्टीवर साल कोरलेलं असतं. ते साल चिनी पंचांगातल्या साठ वर्षांच्या चक्रातलं आहे, म्हणजे नुसतं चक्रातलं नाव वाचून चालत नाही, सोबत सम्राटाचं नाव लागतं. नाहीतर साठ वर्षं इकडे की तिकडे ते ठरत नाही.

मांडवीकाठ

आत टॉर्च मारली. डोक्याच्या पोकळीत तपकिरी माती आहे. डाव्या खांद्याच्या आत तांबूस डाग आहे आणि तिथे छोटं चुंबक किंचित ओढलं जातं. पाठीच्या भोकातून आत काही दिसत नाही. घरच्यांच्या ओळखीचे एक सोनार कॅरटमीटरवर धातू तपासून देतो म्हणतात. करावं का?

कसोटी

करा, पण काय विचारायचं ते ठरवून करा. कॅरटमीटर म्हणजे क्ष-किरणांनी वरचा थर तपासणारं यंत्र. ते सोन्यासाठी जुळवलेलं असतं, त्यामुळे तांब्याच्या मिश्रधातूचे टक्के त्यावर अंदाजेच येतात. कोणतं मूलद्रव्य आहे आणि कोणतं नाही एवढंच खात्रीने घ्यावं. १६ सेंमीची मूर्ती पुष्कळ यंत्रांच्या कप्प्यात मावत नाही, आधी विचारा. झाकण उघडं ठेवून कोणी तपासून देत असेल तर नको म्हणा, ते क्ष-किरण आहेत.

जागा तीन घ्या: तळाचा काठ, जिथे धातू उघडा आहे; गालावरचं सोनं; आणि घडीतला लाल रंग. तिन्हींचे आकडे वेगळे लिहून ठेवा, सरासरी काढू नका.

तळाच्या काठावर कथील आणि शिसं दिसलं तर ब्राँझ. जस्त जास्त दिसलं तर पितळ. पितळ निघालं म्हणून मूर्ती नवी ठरत नाही. चिनी नाण्यांत सोळाव्या शतकापासून पितळ येतं आणि मिंग काळाच्या अखेरच्या देवमूर्तींतही जस्त सापडतं. पण जस्त ३० टक्क्यांच्या वर गेलं तर ते शुद्ध जस्त धातू मिसळून केलेलं पितळ, आणि मग काळ पुढे सरकतो. वर्षानुवर्षं दमट हवेत राहिलेल्या वस्तूच्या वरच्या थरातून जस्त निघून जातं आणि कथील-शिसं जास्त दिसतं, हेही ध्यानात असू द्या.

यंत्राचे तीन सापळे आहेत. एक, जस्ताची एक रेषा सोन्याच्या रेषेला इतकी लागून असते की साध्या यंत्रावर पितळातही थोडं "सोनं" दिसतं. दोन, शिसं आणि आर्सेनिकच्या मुख्य रेषा एकमेकींवर पडतात, म्हणून शिसं असलेल्या धातूत आर्सेनिकचा आकडा धरू नये. तिसरा तुमच्या मूर्तीसाठी नेमका लागू होतो. सोन्याच्या जागी पारा दिसला की लोक लगेच म्हणतात, पाऱ्याचा मुलामा, म्हणजे जुनं काम. पण चिनी लाखेतला लाल रंग हिंगुळाचा असतो, आणि हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. सोन्याचा वर्ख लाल लाखेवर लावलेला असला तरी पारा दिसणारच. त्यात घरात शेंदूर लागला असेल तर पारा किंवा शिसं तिथूनही येतं.

फरक भिंगाखाली कळतो. पाऱ्याचा मुलामा धातूला भिडलेला असतो, नाकाच्या शेंड्यावर झिजून थेट तपकिरी धातू दिसतो, मधे थर नसतो. लाखेवरचं सोनं झडतं तेव्हा कडेला पापुद्रा दिसतो, खाली लाल किंवा काळी लाख, तिला बारीक तडे.

कुंकवाचंही ओळखा. कुंकू मळाच्या वर बसतं आणि भुकटीसारखं असतं. लाख मळाच्या खाली असते आणि तिला जाडी असते. पाठीमागे न दिसणाऱ्या जागी, साध्या पाण्याने जेमतेम ओलसर केलेला कापसाचा बोळा एकदा टेकवून उचला. रंग आला तर कुंकू. घासायचं नाही.

आणखी एक, घाई करण्याआधी. आत माती आहे हे चांगलं झालं. त्या मातीवरून मूर्ती शेवटची कधी तापली याचं मापन होतं, तापदीप्ती चाचणी म्हणतात. तिच्यासाठी गाभ्यातली थोडी माती पुरते, उत्तर मात्र वीस-पंचवीस टक्के मागेपुढे धरून घ्यायचं. चारशे वर्षं असं उत्तर आलं तर तीनशे ते पाचशे म्हणून वाचायचं. म्हणजे मिंग की आधुनिक हे ठरतं, अखेरचं मिंग की सुरुवातीचं छिंग हे ठरत नाही. कधी करायची असेल तर दवाखान्यात मूर्तीचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढू नका. क्ष-किरणांनी मातीत साठलेला हिशेब बिघडतो. कॅरटमीटरही डोक्याच्या बाजूला लावू नका, काठावरच लावा.

गलबत

घनता काढून पाहिली तर? हवेत वजन, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळवून वजन, फरकाने भागायचं. ब्राँझ ८.७ च्या आसपास, जस्ताचा ओतीव माल ७ च्या खाली.

कसोटी

नव्या, कोऱ्या, भरीव वस्तूला उत्तम. इथे नको. आत माती आहे, ती पाणी पिते, त्यामुळे आकडाही खोटा येतो आणि लाखही सुटते. शिवाय हिरव्या ठिपक्यांना पाणी म्हणजे मेजवानी.

ताम्रपट

त्या हिरव्या ठिपक्यांवर लिहितो, ते सगळ्यात तातडीचे आहेत. पावसाळा अजून संपलेला नाही.

हिरवं सगळं वाईट नसतं. गडद हिरवा, कडक, धातूला चिकटलेला गुळगुळीत थर ही जुनी पुटी, ती राखायची. फिकट पोपटी-पांढरट, पिठासारखा, काडीने सहज उचलला जाणारा ठिपका म्हणजे ब्राँझचा रोग. मिठातला क्लोराइड तांब्याशी जुळून आत बसतो आणि दमट हवा मिळाली की धातू खात राहतो. समुद्रकाठच्या गावांत मीठ हवेतच आहे. चिंच, कोकम, बिमलां आम्ल आहेत: पुटी विरघळवतात, मीठ घड्यांत ढकलतात, लाख सोलतात, आणि तांबूस उघडा धातू मागे ठेवतात. लिंबू-मीठ तर सगळ्यात वाईट. नारळाचं तेलही नको. तेलातली आम्लं तांब्याशी जुळून हिरवा मेणचट थर करतात, तो पुढे काढणं कठीण जातं.

दातकोरण्याने एका ठिपक्यावरची पूड पांढऱ्या कागदावर उचला, जागेचा जवळून फोटो काढा, आठवड्याने पुन्हा बघा. पूड परत आली असेल तर रोग चालू आहे. काही जण ओल्या कापसासोबत डब्यात ठेवून रोग बाहेर काढून पाहायला सांगतात. लाख असलेल्या मूर्तीला ते करू नका.

तोवर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, साधारण १० लिटरच्या. आत छोटा आर्द्रतामापक. रंग बदलणारी केशरी सिलिका जेल घ्या, निळी नको, तिच्यात कोबाल्ट असतं. किती घालावी यात लोक गडबड करतात. १० लिटर हवेत भर पावसाळ्यातही बाष्प जेमतेम पाव ग्रॅम असतं. पाव किलो कोरडी जेल टाकली तर आर्द्रता १० टक्क्यांच्याही खाली कोसळते आणि लाख सुकून तडकते. अगदी थोड्या जेलपासून सुरुवात करा आणि आकडा ४० च्या आसपास थांबतो का बघा. खाली गेला तर जेल थोडी उघड्यावर ठेवून मग घाला. डबा गळका असेल तर जेल भराभर हिरवी होईल, तेव्हा जेल वाढवण्याआधी झाकण बदला. भरलेली जेल ११०-१२० अंशांवर ओव्हनमध्ये दोनेक तास तापवली की पुन्हा चालते.

रोग चालू असलेल्या धातूला ४० च्या खाली बरं वाटतं, लाखेला ५० च्या जवळ. दोघांचं जमत नाही. ठिपके जागे असतील तर धातूची बाजू घ्यावी, कारण लाख नंतर चिकटवता येते.

डब्यात लोकर, रबर, नवं लाकूड किंवा प्लायवूड नको. तळाशी पॉलिथिनचा फोम चालेल. बेंझोट्रायझोलसारखी रसायनं संवर्धकाच्या हातात राहू द्या, ती विषारी आहेत आणि लाखेच्या शेजारी लावायची म्हणजे हात बसलेला माणूस हवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे आणि टाटांच्या संग्रहातून आलेलं चिनी दालनही, त्यामुळे एका खेपेत दोन्ही कामं होतील. किंमत संग्रहालय सांगत नाही, ते विचारू नका.

नोंदवही

कायद्याचं थोडक्यात. पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा १९७२ चा आहे. शंभर वर्षं आणि त्याहून जुनी कलाकृती म्हणजे पुरावस्तू, ती कोणत्या देशात घडली याला महत्त्व नाही. धातूची शिल्पं नोंदणीच्या यादीत आहेत. फोटोसह भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. गोवा मंडळाचं कार्यालय जुन्या गोव्यात आहे, तिथे अधिकारी कोण ते कळेल. घरात ठेवायला, पुजायला काही अडचण नाही. मालक बदलला तर कळवावं लागतं. व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, म्हणून म्हापशाच्या विक्रेत्याने विकत मागितली तर आधी परवाना दाखवायला सांगा. देशाबाहेर न्यायची नाही. परदेशातल्या लिलावगृहाला फोटो पाठवून मत विचारणं चालतं, मूर्ती पाठवणं चालत नाही.

मांडवीकाठ

घरच्यांना चिंचेचा बेत सोडायला सांगितलं, ऐकलं. पण चतुर्थीला देवखोलीत ती हवीच असा आजींचा हट्ट आहे.

ताम्रपट

हवीच तर ठेवा. समईपासून हातभर लांब, काजळी आणि तेल दोन्ही चुकवायचं. अभिषेक नाही, फुलं अंगावर नाहीत, ओली फुलं समोर ताटलीत. कुंकू मूर्तीला न लावता खालच्या पाटाला. मूर्ती मुकुट किंवा हात धरून उचलू नका, तळाखाली तळहात आणि दुसरा हात पाठीला. सुती हातमोजे निसटतात आणि पक्ष्यांच्या पंखांत अडकतात, नायट्राइलचे घ्या. आरती झाली की परत डब्यात.

भिंग

संग्रहालयाला पाठवायच्या फोटोंत पट्टी धरायला विसरू नका: समोर, मागे, दोन्ही बाजू, वरून मुकुट, खालून तळ, आणि हातांतल्या फटीचा जवळून. सोबत खुंट्यांमधलं अंतर लिहा. अशी आसनं मूर्तीविना सुटी पडून असतात, आणि कधीतरी त्याच घराच्या माळ्यावर, दुसऱ्याच एखाद्या वस्तूखाली सापडतात. चार पायांची, पोकळ, वर दोन भोकं असलेली धातूची छोटी चौकी घरात कुठे आहे का, एकदा आजींनाच विचारा.